फेरीवाल्यांचा कायदा आणि वेगळ्या विचारांची एकजूट

आर्थिक स्वातंत्र्य हा धनिकांच्या सोयीचा विषय असून कष्टकऱ्यांच्या संघटना त्यासाठी कुणाशी हातमिळवणी करणार नाहीत, हे मत मला पटत नाही. आपल्याकडच्या फेरीवाल्यांचा अनुभव नेमका याउलट आहे.

रस्त्यावर माल विकणे हा घटनेच्या कलम १९ मधील व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात १९८९ साली, वाजवी निर्बंधांची मुभा ठेवून, मान्य केले. तरीही पालिकेची गाडी दिसताच भाजीची टोपली उचलून गल्लीत पळणे आणि जप्त झालेला तराजू सोडवण्यासाठी खेटे घालणे काही थांबले नाही. (हप्त्याविषयी वेगळे सांगायला नको.) इला भट्ट यांची कष्टकरी स्त्रियांची संघटना 'सेवा', फेरीवाल्यांची देशपातळीवरील संघटना 'नासवी' आणि खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारी दिल्लीची सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी या एरवी एका पंगतीला न बसणाऱ्या संस्था आपापल्या वाटेने फेरीवाल्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे या एकाच मागणीपाशी आल्या, आणि २०१४ मध्ये तसा केंद्रीय कायदा झाला.

त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद म्हणजे शहरातील फेरीवाल्यांचे प्रश्न हाताळणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असणे. अंमलबजावणीचे मात्र विचारू नका: मुंबईत या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायलाच २०२४ साल उजाडले.