मदत हवी आहे : मेलच्या प्रोग्राममधून भलत्याच फायली तयार होताहेत (तातडीचे)

विक्रोळीकर_सचिव
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडलं की आपोआप फायली तयार होतात. काल एक उडवली, आज परत एक हजर. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम उरकायची आहे, ८४ सभासदांना नोटीस आणि हिशेबपत्रकं पाठवायची आहेत, आणि हे बसलंय जिलब्या पाडत. जाणकारांनी पटकन उपाय सांगावा. बंद करून चालू करा हे सांगू नये, करून झालंय.

चहाबाज
प्रोग्राम कुठला? फायलींची नावं काय? विंडोज कुठलं? डॉक्टरला फोन करून "बरं नाही, औषध सांगा" म्हणून फोन ठेवून दिल्यासारखं झालं हे.

विक्रोळीकर_सचिव
मेलचाच प्रोग्राम हो, निळा पक्षी असतो तो. विंडोज १०. फायलींचं नाव एन-एस-टी-एम-पी, मग तेच नाव आणि पुढे -१, -२ असं करत -१९ पर्यंत. डाव्या बाजूला इनबॉक्सखाली फोल्डर म्हणूनही दिसतात.

चहाबाज
थंडरबर्ड. एवढंच लिहायचं होतं.

ठाणे_फास्ट
सरळ सरळ व्हायरस आहे. माझ्या मेहुण्याच्या लॅपटॉपवर अशाच नाव नसलेल्या फायली यायच्या. फॉरमॅट मारला, विषय संपला.

लिनक्सभक्त
मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तरी लोक चिकटून बसलेत. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, अर्ध्या तासात होतं.

माहीमकरीण
@लिनक्सभक्त, मिंटमध्ये मेलसाठी थंडरबर्डच येतो. तिथेही ह्याच फायली होतील.
@ठाणे_फास्ट, व्हायरस नाही. फॉरमॅटचं तर नावही काढू नका.
@सचिव, तीन गोष्टी सांगा. खातं पॉप आहे (मेल मशीनवर उतरवून घेतं) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवतं)? सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय? आणि "कॉम्पॅक्ट करू का" असं काही विचारतो का तो?

एक्सेल_मावशी
ह्याचा त्रास मी दोन वर्षं काढलाय. समोरचा माणूस आऊटलुकमधून रिच टेक्स्टमध्ये मेल पाठवतो, म्हणून आपल्याकडे पीडीएफऐवजी विनमेल-डॉट-डॅट नावाची फाइल येते. त्याला सांगायचं, ऑप्शन्समध्ये मेलच्या पानावर जाऊन फॉरमॅट एचटीएमएल कर. मी आमच्या हेड ऑफिसच्या मागे लागून लागून करून घेतलं.

चहाबाज
मावशी, त्यांची ती फाइल नाहीये.

एक्सेल_मावशी
फाइल ती फाइल. सांगून ठेवलं.

निवृत्त_पण_जागा
आमच्या वेळी एक्सपीवर आऊटलुक एक्स्प्रेस होतं. ते शंभरदा बंद केलं की विचारायचं, कॉम्पॅक्ट करू का. हो म्हटलं की जुन्या फायलींच्या बॅक नावाच्या प्रती रीसायकल बिनमध्ये. मला वाटायचं, मुलगा काहीतरी उडवतोय. उगाच ओरडा खाल्ला त्याने.

विक्रोळीकर_सचिव
पॉप की काय ते ठाऊक नाही. २०१४ पासूनचे सगळे मेल ह्याच मशीनवर आहेत, हे सांगू शकतो. सी ड्राइव्ह १२० जीबीचा, उरलेत ३. कॉम्पॅक्टचं रोज विचारतो, मी रोज हो म्हणतो. नाही म्हणायचं का?
बरं, ह्या फायली ज्या फोल्डरमध्ये आहेत तो सापडला. त्यात आणखी एक बिनकामाची दिसतेय. नाव नुसतंच इनबॉक्स, पुढे एक्स्टेन्शन नाही, तब्बल ७ जीबी. ही उडवली तर बरीच जागा होईल. उडवू?

माहीमकरीण
नाही!!! हात लावू नका. तेच तुमचे मेल आहेत. सगळे, एकाच फाइलमध्ये.

चहाबाज
थांबा काका!

चहाबाज
(दोनदा आला. प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे)

ठाणे_फास्ट
उडवली तरी काय? सर्व्हरवरून परत उतरतील की.

माहीमकरीण
पॉप असेल तर नाही उतरणार. थंडरबर्डमध्ये पॉपचं मूळ सेटिंग सर्व्हरवर १४ दिवस मेल ठेवायचं असतं. २०१४ चं टपाल कुठून उतरवणार? माहीत नसेल तर "काय होतंय" म्हणू नये हो.

ठाणे_फास्ट
आम्ही फक्त मदत करत होतो. चालू द्या.

माहीमकरीण
सचिवसाहेब, तुमच्याच भाषेत सांगते. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला की तो लगेच जात नाही. रजिस्टरमधली ओळ खोडतो तसं होतं, पान तेवढंच राहतं. कॉम्पॅक्ट म्हणजे खोडलेल्या ओळी वगळून सगळं नव्या वहीत उतरवून काढणं. उतरवून झालं की जुनी वही फेकायची. ती नवी वही म्हणजे तुमची ही एन-एस-टी-एम-पी. काम पुरं झालं तर ती राहतच नाही. तुमच्याकडे वीस राहिल्यात, म्हणजे वीस वेळा काम अर्धवट सुटलंय. आता तर ७ जीबीची वही उतरवायला ३ जीबी कागद आहे, जमणार कसं? पण सुरुवातीला जागा असणार. तेव्हा का सुटलं? अँटिव्हायरस मध्येच फाइल धरून ठेवतो का?

विक्रोळीकर_सचिव
अँटिव्हायरस विंडोजचाच. मी साडेसहाला हो म्हणतो, सात वाजता ऑफिस बंद. वॉचमन मेन स्विच पाडतो.

चहाबाज
कॉम्प्युटर चालू असताना?!

विक्रोळीकर_सचिव
वीजबचतीचा ठराव आहे कमिटीचा. मार्चपासून. (मांडणारा मीच.)

निवृत्त_पण_जागा
सूचक सापडला, आता अनुमोदक शोधा.

पुनर्विकासग्रस्त
अवांतर : विक्रोळीत कुठे? कन्नमवार नगर का? तुमचं ७९-अ खालचं पुनर्विकासाचं काम कुठवर आलंय? आमच्याकडे तीन वर्षं नुसत्या सभाच चालल्यात.

विक्रोळीकर_सचिव
तेच तर. आर्किटेक्टचे नकाशे, टेंडरची पीडीएफ, सगळं मेलवरच येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको.

माहीमकरीण
मेलमधून जाताना अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते, ६ एमबीचा नकाशा मेलमध्ये ८ चा होतो. सेंटमध्ये पाठवलेल्या प्रती वेगळ्याच.
आता करायचं ते असं. आधी हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडा. मग थंडरबर्ड बंद. अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी झालीय ना हे डोळ्यांनी बघा. त्यानंतरच एन-एस-टी-एम-पी नावाच्या फायली उडवा, त्यांच्या जोडीच्या एमएसएफवाल्याही (त्या नुसत्या अनुक्रमणिकेच्या). रीसायकल बिन रिकामा करा, नाहीतर जागा होणार नाही. मग थंडरबर्ड उघडून इनबॉक्स नीट दिसतोय का बघा आणि कॉम्पॅक्ट सकाळी करा. एकेक फोल्डर. संपेपर्यंत स्विचजवळ कुणाला फिरकू देऊ नका.

लिनक्सभक्त
हार्ड डिस्क घ्यायची तर लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनहून चालत. मिंटचा पेनड्राइव्हही तिथेच करून घ्या.

चहाबाज
हार्ड डिस्क एफएटी-३२ वर फॉरमॅट केलेली नाही ना, हे बघा. तिच्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. ७ जीबीचा इनबॉक्स कॉपी होताना अडेल आणि तुम्ही परत इथे याल.

विक्रोळीकर_सचिव (दोन दिवसांनी)
झालं. डिस्क खजिनदारांच्या मुलाकडून आणली. चहाबाज म्हणाले तेच झालं, ४ जीबीवर अडली. त्याने रिकामी करून एनटीएफएस करून दिली. वीस फायली मिळून ३८ जीबी निघाल्या! त्या उडवल्यावर सीवर ४१ मोकळे झाले. इनबॉक्सला पंचवीस मिनिटं लागली, ७ चा ४ वर आला. मी स्टूल टाकून मीटरच्या खोलीच्या दारात बसलो होतो. नोटिसा आज दुपारी गेल्या. माहीमकरीण ताई, आभार. ठरावात दुरुस्ती सुचवतोय, पण खजिनदार म्हणतात, आधी कार्यक्रमपत्रिकेवर घ्या.

निवृत्त_पण_जागा
घ्या. मंजूर होईपर्यंत स्टूल आहेच.

डोंबिवलीची_दुपार
धाग्याशी संबंध नाही, पण ते विनमेल-डॉट-डॅट मला चार महिने छळत होतं. आज वाचलं आणि सुटलं. एक्सेल मावशींचे खूप आभार.

एक्सेल_मावशी
बघा.