हॉलिवूडच्या जुन्या संसारपटांत संसार नेमका कोणाचा?

प्रश्न – रूपेरीवाचक

१९३० ते १९६० या काळातले दांपत्यजीवनावरचे हॉलिवूडपट मी सध्या क्रमाने पाहतो आहे. संशय, दुरावा, घटस्फोट हे सारे त्यांत बारकाईने येते, परंतु ज्यांच्या संसाराची कथा असते ती जोडपी जवळजवळ नेहमीच गोरी आणि सुस्थितीतली असतात. कृष्णवर्णीय मोलकरीण घरातले प्रत्येक भांडण ऐकते, मालकिणीची समजूतही घालते. मात्र तिला स्वतःला नवरा आहे की नाही, हे बहुधा कळतच नाही. हे त्या समाजाचे प्रतिबिंब मानावे, की स्टुडिओंचा जाणीवपूर्वक निर्णय?

प्रतिसाद – जुनी रिळे

निर्णयच, आणि तोही लेखी. १९३० मध्ये स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने कठोरपणे राबवलेल्या हेज कोडमध्ये, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या नियमावलीत, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधले लैंगिक संबंध दाखवण्यास स्पष्ट मनाई होती. व्यवहारात तिची झळ आशियाई कलावंतांनाही बसली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चित्रपटात चिनी शेतकऱ्याची भूमिका पॉल म्यूनी या गोऱ्या नटाला मिळाल्यावर, त्याच्या पत्नीच्या भूमिकेसाठी लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या चिनी-अमेरिकन ॲना मे वाँगची वाट बंद झाली. ती भूमिका लुइझ रायनरने केली आणि तिला ऑस्करही मिळाले. कथेत दोघेही चिनी असताना अडचण येते ती नटांच्या वर्णाची, हा तर्क विचित्र खरा, पण तो उलट बाजूनेही वापरला गेला. ‘पिंकी’ (१९४९) मधल्या कृष्णवर्णीय नायिकेचे गोऱ्या डॉक्टरवर प्रेम आहे, आणि ती भूमिका जीन क्रेन या गोऱ्या अभिनेत्रीने केली आहे. एवढी खबरदारी घेऊनही टेक्सासमधल्या मार्शल या गावाने चित्रपटाला परवानगी नाकारली, आणि तो तरीही दाखवणाऱ्या चित्रपटगृह-चालकाची शिक्षा १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

प्रतिसाद – मध्यंतर

वरील मुद्दा मान्य आहे, तरी अमेरिकेच्या दक्षिणेतील प्रेक्षक आणि तिथले कायदे यांचा धाकही विसरता येणार नाही. अर्थात ही सबब किती ताणायची, हा प्रश्न उरतोच. स्टुडिओ ज्या कॅलिफोर्नियात होते, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरील बंदी १९४८ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती. हेज कोडमधले कलम मात्र १९५६ पर्यंत टिकले. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ डिसेंबर १९६७ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे उरलेल्या १६ राज्यांतील असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोडीत काढल्यानंतर. त्यातही गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारा कृष्णवर्णीय नायक (सिडनी पॉटिये) जगन्मान्य, निष्कलंक डॉक्टर आहे, त्या दोघांचे चुंबन टॅक्सीच्या आरशातून दिसते आणि चित्रपट लग्नाआधीच संपतो. मला तो चित्रपट आवडतो, पण त्यात चर्चा आहे ती परवानगीची. संसार त्यात नाहीच.

प्रतिसाद – शेवटची रांग

मोलकरणीबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याची जाणीव निदान एका चित्रपटाला होती. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’च्या १९५९ च्या आवृत्तीत कृष्णवर्णीय मोलकरीण ॲनी (हुआनिता मूर) आपल्या मित्रपरिवाराविषयी बोलते, तेव्हा तिच्यासोबत वर्षानुवर्षे राहिलेली गोरी मालकीण लोरा चकित होते, आणि ॲनी शांतपणे सांगते की तुम्ही कधी विचारलेच नाहीत. असे असूनही तिच्या वाट्याला आईपण येते, दांपत्यजीवन येत नाही.

आपल्याला प्रत्यक्ष कृष्णवर्णीय जोडप्याचा संसार पाहायचा असेल, तर ‘नथिंग बट अ मॅन’ (१९६४) पाहावा. रेल्वेमार्गावर राबणारा कामगार (आयव्हन डिक्सन) आणि धर्मोपदेशकाची शिक्षिका मुलगी (ॲबी लिंकन) यांच्या लग्नात बाहेरचा अपमान घरात कसा शिरतो आणि रागाचे लक्ष्य अखेरीस पत्नीच कशी ठरते, हे त्यात कुठेही उपदेश न करता येते. दिग्दर्शक मायकेल रोमर यांनी हा चित्रपट स्टुडिओव्यवस्थेच्या बाहेर, थोड्या पैशांत केला होता.