मदत हवी आहे: वणव्याचा ब्लोअर गरम झाला की बंद पडतो (रविवारी जाळरेषा आहे)

माचीवरून
पाठीवरचा ब्लोअर वीस मिनिटं मस्त चालतो आणि मग बंद. कितीही रस्सी ओढा, उठत नाही. अर्ध्या तासाने पहिल्या ओढीत चालू. स्पार्क प्लग नवा टाकलाय, तरी तेच. रविवारी गावामागच्या डोंगराला जाळरेषा (वणवा अडवायला गवत-पाचोळा जाळून किंवा काढून केलेला मोकळा पट्टा) काढायची आहे, पंधरा जण येतायत, ब्लोअर दोनच, त्यातला हा एक. मेकॅनिक म्हणतो ठेवून जा, आठ दिवसांनी बघतो. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

टू_स्ट्रोक
टू-स्ट्रोक की फोर? टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल किती घालता? टाकीतलं पेट्रोल कधीचं? बंद पडायच्या आधी आवाज चढतो की बसतो? एवढं सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात तीर.

कारवीचं_बन
ब्लोअरच्या नादी लागूच नका. निरगुडीच्या ओल्या फांद्या घ्या, माणसाच्या छातीएवढ्या लांब, शेंड्याला दाट पाला असलेल्या. झोडपताना फांदी डोक्यावर नेऊन आपटायची नाही, त्याने ठिणग्या मागच्या गवतात उडतात. जाळावर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. पंधरा माणसं आहेत तर मशीन हवं कशाला?

माचीवरून
वणवा लागलेला नाही हो, जाळरेषा काढायची आहे. पालापाचोळा उडवायला ब्लोअर लागतो, फांदीने एक किलोमीटर झाडत बसू का?
टू-स्ट्रोक आहे. तेल टोपणाने घालतो, अंदाज बरोबर असतो.

टू_स्ट्रोक
टोपण म्हणजे किती मिली? ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. कोणतं लागतं ते बहुतेक यंत्रांच्या टाकीवर किंवा पुस्तकात छापलेलं असतं. औषधाची सुई नसलेली सिरिंज दहा-वीस रुपयांना मिळते, ती वापरा. तेल कमी पडलं तर यंत्र तापतं आणि पिस्टन ओरखडतो. जास्त पडलं तर प्लग काळा आणि सायलेन्सर कोंदलेला.
आणि पेट्रोल कधीचं ते सांगितलंच नाहीत.

निळे_डोंगर
ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ग्रामीण अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे आगीचा कायदेशीर हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. त्या काळात स्वतःच्या जमिनीवर पालापाचोळा जाळायलाही परवाना लागतो. तुम्ही आता फेब्रुवारीत जाळरेषा 'जाळणार' आहात की नुसती साफ करणार? दोन्हींत फार फरक आहे. चढ लक्षात घ्या: दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या उतारावर खालून लागलेली आग सपाटीच्या चौपट वेगाने वर येते. रेषेच्या वरच्या अंगाला माणूस उभा करू नका, आणि घळीत तर अजिबात नको, ती धुराड्यासारखी ओढते.
ब्लोअरपेक्षा आमचं रेकहो नावाचं हत्यार बघा, एका बाजूला दाते, दुसऱ्या बाजूला पातं.

बांधावरचा
म्हणजे आपलं दाताळं आणि फावडं. ते गावात प्रत्येकाकडे आहे साहेब.

निळे_डोंगर
एकाच दांड्यावर दोन्ही असतं, हा मुद्दा आहे. चढावर दोन अवजारं सांभाळावी लागत नाहीत.

माचीवरून
मी ब्लोअरचं विचारलंय!
पेट्रोल गेल्या मे महिन्यातलं थोडं शिल्लक होतं, त्यात नवीन टाकलं. आवाज आधी थोडा चढतो, मग बंद.

टू_स्ट्रोक
आला मुद्दा. आवाज चढून बंद म्हणजे इंधन कमी पडतंय. ठिणगी गेली असती तर बटण दाबल्यासारखा गप्प झाला असता. क्रमाने बघा:
पुढच्या वेळी बंद पडला की लगेच टाकीचं झाकण सैल करा. 'सुस्स' करून हवा आत गेली आणि त्यानंतर यंत्र चालू झालं, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल संपतं तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही तर टाकी इंधन सोडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतो तोही यामुळेच, हवा हळूहळू झिरपते.
तसं नसेल तर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर टाकीच्या आत नळीच्या टोकाला असलेला फिल्टर आणि कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) पडदा तपासा. ओला असेल तर चोक लागलेला राहिला आणि यंत्र जास्त पेट्रोलने बुडालं: चोक काढा म्हणजे हवेची वाट उघडेल, थ्रॉटल पूर्ण, प्लगशिवाय आठ-दहा वेळा रस्सी ओढा. ओला आहे आणि तापल्यावर ठिणगीच नाही, तर ठिणगी देणारी कॉइल गेली, ती बदलावीच लागते.
आता टाकी पूर्ण रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, पाणी तळाला बसतं आणि कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक होतो. मिश्रण महिन्याच्या वर ठेवू नका. हंगाम संपला की टाकी ओतून काढायची आणि कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत यंत्र चालू ठेवायचं.

घाटरस्ता
एवढं कशाला? सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी असते, ती कार्बनने बुजते. उपटून फेकून द्या, यंत्र पळेल.

टू_स्ट्रोक
वाळलेल्या कुसळी गवतात चालवायच्या यंत्राची ठिणगीजाळी काढायची? ती तिथे गरम कार्बनचे कण अडवायलाच बसवलेली आहे. काढून तारेच्या ब्रशने घासा, किंवा गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, कार्बन जळून जातो. पाच मिनिटांचं काम.

घाटरस्ता
लाकूड कापायच्या मशीनची कितीतरी लोक काढतात, कुठे आग लागते?

राखणदार
आग लागते आणि मग आपण इथे धागा काढतो.
मूळ प्रश्नाबाहेरचं विचारतो. डोंगर गावकीचा की राखीव वन? राखीव वनात परवानगीशिवाय आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू जाळरेषेचा असला तरी. वनरक्षकाला लेखी कळवलंय का? त्याच कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे ज्यांना वनात चराईचे वा इतर हक्क आहेत, त्यांच्यावर वणवा विझवायला मदत करण्याची जबाबदारीही आहे. म्हणजे खात्याला तुमची माणसं हवीच असतात, पण त्यांच्या समोर.

माचीवरून
तोंडी सांगितलंय. रेषा जाळणार आहोत, चार मीटर.

कारवीचं_बन
फेब्रुवारीत?? पट्टा जाळायची वेळ डिसेंबर-जानेवारी. गवत अर्धवट ओलं असतं, पहाटे दव असतं, जाळ हळू चालतो. आता दुपारी वारा डोंगर चढतो आणि गवत खडखडीत. आता नुसतं कापा, दाताळ्याने ओढा, ब्लोअरने माती दिसेपर्यंत उडवा. पाचोळा गावाच्या बाजूला नाही, डोंगराकडच्या बाजूलाही ढीग करून नाही, पातळ पसरा. ढीग राहिला तर तोच उद्या रेषा ओलांडायचा पूल.

निळे_डोंगर
याच्याशी पूर्ण सहमत, फांदीवाल्या सल्ल्याशी नाही.

कारवीचं_बन
फांदी फुकट असते आणि तिला टोपणाने तेल लागत नाही.

बांधावरचा
चार मीटर कुसळीला ठीक, पण मधे कारवीचं जंगल असेल तर अपुरं. आणि भाताच्या राबाचं (रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजतात त्या जागेचं) कोण बघणार? मार्चपासून लोक राब भाजतात, तिथूनच निम्म्या वेळा डोंगराला लागतं. राबाभोवती आधी हातभर रुंद माती उघडी केली आणि सकाळी वारा पडलेला असताना भाजलं तर प्रश्नच येत नाही.

घाटरस्ता
एवढं करण्यापेक्षा उपग्रहाचा मेसेज चालू करून घ्या. भारतीय वन सर्वेक्षण मोबाइलवर आगीची सूचना पाठवतं.

राखणदार
उपयोगी आहे, पण त्यावर भिस्त नको. तो उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. संध्याकाळी चारला लागलेली आग तुम्हाला मध्यरात्रीनंतर कळणार. त्यापेक्षा माचीवर एक माणूस आणि त्याच्याकडे वनखात्याचा १९२६ हा मोफत नंबर.

माचीवरून
टू_स्ट्रोक, झाकण उघडल्यावर 'सुस्स' झालं! छिद्रात काळी चिकट घाण होती, सुईने काढली. सलग ४० मिनिटं चालला. पण पूर्वीसारखा जोर नाही.

टू_स्ट्रोक
छान. सुईने आतला रबरी व्हॉल्व्ह फाटला असेल तर यंत्र आडवं झाल्यावर पेट्रोल गळेल आणि ते तुमच्या पाठीवर असतं. यंत्र आडवं धरून बघा. गळत असेल तर झाकणच नवं घ्या. जोर नाही म्हणजे ठिणगीजाळी आणि एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कागदी असेल तर नुसता झटका. राख वाळूसारखी असते, फिल्टर काढून एक दिवस जरी चालवलं तरी सिलेंडर जातो. सायलेन्सर काढलाच आहे तर छिद्रातून पिस्टनकडे टॉर्च मारा. उभे ओरखडे दिसले तर टोपणाचा अंदाज चुकीचा होता.
रविवारी पेट्रोल भरताना यंत्र पाठीवरून उतरवून, बंद करून, दहा मिनिटं थंड होऊ द्या. आणि नायलॉनची ट्रॅकपँट घालून कुणी येऊ देऊ नका, सुती कपडे आणि बूट.

माचीवरून
आडवा धरला, गळतोय. नवं झाकण भोरला मिळेल की पुण्यालाच जावं लागेल?

घाटरस्ता
तोपर्यंत प्लॅस्टिकची पिशवी लावून घट्ट बसवा.

टू_स्ट्रोक
पिशवी लावली की पुन्हा छिद्र बुजलं. वाचता का हो वरचं?

बांधावरचा
फवारणी पंपाच्या दुकानात विचारा. तिथे पाठीवरचे पेट्रोल पंप विकतात, त्यातल्या काहींची झाकणं बसतात. जुनं झाकण सोबत न्या. आणि दुकानात गेलातच तर १६ लिटरचा बॅटरीचा पंप बघून ठेवा, धुमसती खोडं आणि शेणाच्या गोवऱ्या विझवायला. तणनाशक मारलेला मात्र वापरू नका.