८ कोरवर पळणारं मॉड्यूल ४८ कोरवर रांगते, स्पिनलॉकचं काय करू?

वर्धा_रोडवाला
नमस्कार मंडळी. नागपुरातच, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात एका लहान कंपनीत आहे. लिनक्स कर्नलचं एक मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) गळ्यात पडलं, लिहिणारा केव्हाच सोडून गेला. नेटफिल्टरच्या (कर्नलमधली पॅकेट तपासायची व्यवस्था) प्री-राउटिंग हुकवर, म्हणजे पॅकेट आत येताच आपला कोड चालतो त्या जागी, बसते आणि प्रत्येक सोर्स आयपीमागे पॅकेट, बाइट मोजते. हॅश टेबल एक, त्याच्यावर स्पिनलॉकही (मिळेपर्यंत कोर जागीच फिरत वाट पाहतो तो लॉक) एकच. ८ कोरच्या जुन्या डब्यावर काही तक्रार नव्हती. ग्राहकाने आता दोन सॉकेटचं, ४८ कोरचं मशीन घेतलं, तर पॅकेट ड्रॉप होऊन राहिले. परफ टॉपमध्ये (कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जाते ते दाखवणारं साधन) सगळ्यात वर 'नेटिव्ह क्यूड स्पिनलॉक स्लोपाथ', अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच जाते.

बहुतेक पॅकेटची एंट्री आधीच असते, नुसती शोधायची असते. म्हणून रीड-राइट लॉक (वाचणारे एकाच वेळी अनेक, लिहिणारा एकटा) टाकला, काउंटर ॲटॉमिक (लॉकशिवाय एका झटक्यात वाढणारे) केले. फरक काहीच नाही. काहून? आरसीयू (वाचणाऱ्याला लॉक नको, काढलेली वस्तू सगळ्यांचं वाचून झाल्यावरच मोकळी होते) करा म्हणतात सगळे, पण जुन्या एंट्र्या काढायला एक वर्कक्यू (मागे आपापलं चालणारं काम) आहे, ती तोच लॉक धरून अख्खं टेबल फिरते. तिची धास्ती वाटते.

झिरोमाइल_६४
मॉड्यूल पाहिजेच कशाला? ईबीपीएफमध्ये (मॉड्यूलशिवाय कर्नलमध्ये छोटा प्रोग्राम चालवायची सोय) पर-सीपीयू, म्हणजे प्रत्येक कोरची वेगळी प्रत असलेला हॅश मॅप तयार मिळतो, एक्सडीपीवर (ड्रायव्हरमध्ये पॅकेट येताच) लावा अन् मोकळे व्हा.

वर्धा_रोडवाला
पटते, पण त्याच मॉड्यूलमध्ये बाकीही बरंच कोंबलेलं आहे. ग्राहक हात लावू देत नाही.

महालचे_काका
भाऊ, आधी एक करा. त्या स्लोपाथला शिव्या देणं बंद करा. ती वाट पाहण्याची जागा आहे, वाट पाहायला लावणारा दुसराच असतो. परफ रेकॉर्ड कॉलग्राफसकट घ्या अन् कोण हाक मारून राहिलं ते पाहा. क्यूड स्पिनलॉक ४.२ मध्ये आला, २०१५ साली. त्याच्यात रांगेत वाट पाहणारा कोर आपापल्या कॅशलाइनवर (कॅश एकावेळी उचलते तो मेमरीचा तुकडा) फिरत बसतो. आधीच्या तिकीट लॉकमध्ये सगळे एकाच लाइनवर डोळे लावून बसत. म्हणजे लॉक बिचारा आहे त्यात बराच बरा आहे.

रीड-राइट लॉकचं म्हणाल तर, अभ्यासिकेत सगळे वाचायलाच आलेत, पण दारातल्या एकाच रजिस्टरवर प्रत्येकाला येताना-जाताना सही करावी लागते, तसं ते आहे. रीड लॉक घेणं म्हणजेसुद्धा त्या शब्दात एक आकडा वाढवणं. म्हणजे लिहिणं. ती ६४ बाइटची लाइन या सॉकेटवरून त्या सॉकेटवर नाचत राहते. तुमचा त्रास 'लॉक' या वस्तूचा नाही, सगळ्यांनी एकाच जागी लिहिण्याचा आहे. ॲटॉमिक केल्यानं ते लिहिणं थोडीच थांबते?

तेव्हा शोधणं आरसीयूनं करा. नेटफिल्टर तुमचा हुक आरसीयूच्या रीड लॉकच्या आतच चालवते, वेगळं काही लावायला नको. लॉक फक्त नवी एंट्री घालताना अन् काढताना, तोही प्रत्येक बकेटचा (टेबलाच्या एकेका खणाचा) वेगळा. घालताना लॉक मिळाल्यावर त्या बकेटमधली एंट्र्यांची साखळी पुन्हा एकदा शोधा, नाहीतर दोन कोर एकाच आयपीच्या दोन एंट्र्या करतील.

वर्कक्यूनं अख्खं टेबल धरून बसायचं नाही. एक बकेट घ्या, काढा, सोडा, पुढची घ्या. काढलेली एंट्री केफ्री-आरसीयूच्या हवाली करा, वाचणारे संपले की ते मोकळी करते. अन् वर्कक्यू प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये चालते, म्हणून तिथं लॉक बीएचवालाच घ्या, तो धरलाय तोवर त्या कोरवर सॉफ्टआयआरक्यू (पॅकेट हाताळणारं, मध्येच घुसणारं काम) चालत नाही. साधा घेतला अन् त्याच कोरवर सॉफ्टआयआरक्यू येऊन तोच लॉक मागायला लागला, तर तो कोर कायमचा गेला.

काउंटर पर-सीपीयू करता येतील, पण हिशेब करून. दोन आकड्यांचे १६ बाइट, गुणिले ४८ कोर, म्हणजे एंट्रीमागे ७६८ बाइट. २ लाख आयपी झाले तर दीडशे एमबीच्या वर नुसते काउंटर. मला तरी हे जड वाटते. कार्ड करू देत असेल तर इथटूलनं (कार्डाची सेटिंग बदलायचं साधन) आरएसएसचा, म्हणजे कार्ड पॅकेट कोरांत वाटते त्याचा, हॅश फक्त सोर्स आयपीवर लावा. मग एका आयपीचे पॅकेट एकाच कोरवर येतात अन् साधा ॲटॉमिकही तिथल्या तिथे राहतो.

कर्नलवाल्यांनाही हे एका रात्रीत जमलं नाही. बिग कर्नल लॉक, म्हणजे अख्ख्या कर्नलवरचा एकच लॉक, २.० मध्ये, १९९६ ला आला. पूर्ण निघाला २.६.३९ मध्ये, २०११ ला.

वर्धा_रोडवाला
काका, स्लोपाथ यादीतून गेला! हॅश सोर्स आयपीवर करू म्हटलं, तर कार्डचा ड्रायव्हर नाही म्हणते, त्यामुळे काउंटर पर-सीपीयू केले. आमच्याकडे आयपी तितके नाहीत. ड्रॉप कमी झाले, पण थांबले नाहीत. आता शोधण्याच्या फंक्शनमध्येच वेळ जाऊन राहिला, अन् तिथं तर लॉकच नाही.

महालचे_काका
परफ सी-टू-सी चालवा, कोणत्या कॅशलाइनसाठी कोरांची ओढाताण होते ते ती दाखवते. कोणत्या लाइनवर हिटएम (दुसऱ्या कोरनं बदललेली लाइन आणावी लागणं) जास्त दिसते, अन् त्या लाइनवर स्ट्रक्चरमधली कोणती फील्ड येतात, ते सांगा.

वर्धा_रोडवाला
एंट्रीचीच लाइन निघाली. आयपीची की, साखळीचा नेक्स्ट पॉइंटर, अन् 'शेवटचं पाहिलं' हा जिफीजचा (कर्नलच्या घड्याळाचे टिक) आकडा, तिन्ही शेजारी.

महालचे_काका
मग काय तर! तो आकडा प्रत्येक पॅकेटला लिहून राहिले नं तुम्ही? साखळी चालणारे बाकीचे कोर तीच लाइन वाचतात अन् दरवेळी त्यांची प्रत बाद होते. आधी रीड-वन्सनं वाचा, सेकंद उलटला असेल तरच राइट-वन्सनं लिहा. वर्कक्यूला सेकंदाच्या आतली बारीकी लागत नाही. अन् ते फील्ड उचलून वेगळ्या कॅशलाइनवर ठेवा, पर-सीपीयू पॉइंटर मात्र कीजवळच राहू द्या, तो नुसता वाचायचाच आहे.

वर्धा_रोडवाला
दुपारभर पूर्ण लोड देऊन पाहिला, ड्रॉप शून्य. फक्त मॉड्यूल काढताना कधीकधी मशीन पॅनिक होते.

महालचे_काका
पर-सीपीयू काउंटर मोकळे करायला केफ्री-आरसीयू सोडून कॉल-आरसीयू (वाचणारे संपल्यावर तुमचं फंक्शन चालवते) अन् स्वतःचं कॉलबॅक लावलं असेल. एक्झिटमध्ये आधी हुक काढा, मग वर्कक्यू थांबवा, उरलेल्या एंट्र्या काढा, अन् शेवटी आरसीयू-बॅरियर, तो बाकी कॉलबॅक संपेपर्यंत थांबतो. बाकी असलेलं कॉलबॅक चालायच्या आत मॉड्यूलचा कोडच मेमरीतून गेला, तर ते उडी मारणार कुठं?

वर्धा_रोडवाला
बॅरियर नव्हताच. टाकून पाहतो.