वारस ओगेदेई, मग गादी तोलुईच्या मुलांकडे कशी गेली?

प्रश्न
चंगीझ खानाने हयातीतच तिसऱ्या मुलाला, ओगेदेईला, वारस ठरवलं होतं. 1229 च्या कुरुलताईत, म्हणजे मंगोल सरदारांच्या सभेत, त्यावर शिक्कामोर्तबही झालं. धाकटा तोलुई 1232 मध्येच वारला. तरी 1251 मध्ये त्याचा मुलगा मोंगके खान झाला. कर्ता पुरुष गेलेल्या घराला हे जमलं कसं?

प्रतिसाद 1
गादी एकाला आणि फौज दुसऱ्याला मिळाली, सगळं तिथून सुरू होतं. मंगोलांत थोरले मुलगे हिस्सा घेऊन वेगळे होत. बापाची चूल आणि उरलेलं सगळं धाकट्याचं. इराणी इतिहासकार रशीदुद्दीनच्या हिशोबाने फौज 1,29,000. जोची, चगताई, ओगेदेई यांना प्रत्येकी 4,000. चंगीझची आई, भाऊ, पुतणे वगैरे धरून वाटले एकूण 28,000. उरलेले 1,01,000 तोलुईचे!

तो गेल्यावर हा पसारा त्याच्या विधवेने, सोरघाघतानी बेकीने, सांभाळला. ओगेदेईने तिला आपल्या मुलाशी, गुयुकशी, लग्न सुचवलं. मुलं वाढवायची आहेत म्हणून तिने ते टाळलं. मग त्याने तिच्याकडच्या सुल्दूस टोळीच्या तुकड्या परस्पर दुसऱ्या मुलाला, कोदानला, दिल्या. सरदार खवळले. तिने त्यांना शांत केलं: आपण आणि फौज, सगळे खानाचेच. माझ्या मते तिची सर्वांत मोठी चाल हीच. कोदानचं घर कायमचं तिच्या बाजूला आलं. पुढे मोंगकेने ओगेदेईच्या इतर वंशजांच्या फौजा काढून घेतल्या, कोदानच्या घराला हात लावला नाही.

प्रतिसाद 2
ओगेदेईच्या घराने स्वतःच्या पायावर धोंडाही पाडून घेतला. त्याची पसंती नातू शिरेमूनला होती. डिसेंबर 1241 मध्ये ओगेदेई वारल्यावर त्याच्या विधवेने, तोरेगेने खातूनने, कारभार हाती घेतला आणि 1246 मध्ये आपल्या गुयुकला बसवलं. पुढे जोचीच्या मुलाने, बातूने, मोंगकेचं नाव पुढे केलं तेव्हा शिरेमूनच्या पक्षाला हेच ऐकवलं गेलं: ओगेदेईचा शब्द आधी तुम्हीच मोडलात.

बातूचं गुयुकशी जुनं वैर. 1248 मध्ये गुयुक फौज घेऊन पश्चिमेला, बातूच्या मुलखाकडे, निघाला, तेव्हा सोरघाघतानीने बातूला गुपचूप सावध केलं. गुयुक वाटेतच वारला, पण बातू तो उपकार विसरला नाही.

प्रश्नकर्ता
आणि शिरेमून गप्प बसला?

प्रतिसाद 2
नाही. मोंगकेच्या राज्यारोहणाच्या मेजवान्या चालू असताना तो गाड्यांत हत्यारं लपवून येत होता. केशिक नावाचा एक बाजदार हरवलेलं जनावर शोधत त्या ताफ्यात शिरला. मोडक्या गाडीपाशी बसलेल्या पोराने त्याला दुरुस्तीला मदत करायला बोलावलं, आणि आत शस्त्रं दिसली. तीन दिवसांची वाट एका दिवसात कापून त्याने बातमी पोचवली. 77 सरदारांना देहदंड झाला. गुयुकच्या विधवेला, ओगुल कैमिशला, नमद्यात (लोकरीच्या जाड कापडात) गुंडाळून नदीत टाकलं. राजघराण्यातल्यांचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही, हा त्यांचा दंडक होता.

प्रतिसाद 1
एक भर घालतो. मोंगकेनंतर, 1260 मध्ये, तोलुईचा धाकटा अरिक बोके मंगोल राजधानी काराकोरमला खान झाला, पण त्या शहराचं धान्य चीनहून गाड्यांनी येई. त्याच्या प्रतिस्पर्धी भावाने, कुब्लाईने, ती रसद तोडली, आणि 1264 मध्ये अरिक बोके शरण आला.