'एका देशात चालली की जगभर चालेल' म्हणणाऱ्यांना

चक्रधर:
काल स्टीअरिंग यांनी लिहिलं की स्वयंचलित गाडीचं तंत्रज्ञान तयार आहे, एका देशात चाललं की नुसतं सॉफ्टवेअर अपडेट टाकून जगभर चालेल, अडवतात ती सरकारं. वाचून डोकंच फिरलं. अहो, 2017 मध्ये व्होल्वोचं काय झालं? स्वीडनमध्ये मूस (तिकडचं अवाढव्य हरीण) ओळखणारी त्यांची यंत्रणा ऑस्ट्रेलियात कांगारूंपुढे गोंधळली. प्राणी किती लांब आहे हे ती जमिनीवरून ठरवायची, त्यामुळे कांगारू हवेत उडाला की लांब गेल्यासारखा दिसायचा आणि खाली टेकला की एकदम जवळ. ते कुठल्या सरकारने अडवलं होतं?

स्टीअरिंग:
कांगारू पुरे झाले, किती वर्षं तेच ऐकायचं! डेटा मिळाला की असल्या गोष्टी सुटतात. सुटत नाहीत ते कायदे. अमेरिकेत गाडी नियमात बसते हे कंपनी स्वतः लिहून देते, युरोपात आधी मंजुरी मग विक्री. रस्ते वाहतुकीबद्दलच्या 1968च्या व्हिएन्ना करारात प्रत्येक वाहनाला चालक हवाच असं कलम, ते थोडं सैल व्हायला 2016 उजाडावं लागलं. चीनमध्ये नकाशे बनवायला वेगळा परवाना आणि महत्त्वाचा डेटा देशाबाहेर न्यायचा तर तपासणी. मग गाडीला शिकवायचं कसं?

मुक्ता:
'आधी मंजुरी' यात वाईट काय आहे? 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत उबरच्या चाचणी गाडीची धडक बसून सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई गेली. तपासात निघालं की यंत्रणा तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल समजत होती आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे सोडून मधूनच कोणी रस्ता ओलांडेल हे यंत्रणेच्या हिशोबातच धरलं नव्हतं. आता सांगा, माणसं फक्त पट्ट्यांवरूनच जातात असे देश किती?

गियरवाला:
माझा अनुभव सांगतो. जर्मनीत भाड्याची गाडी घेतली होती, महामार्गावर काम चालू होतं. तिथे अशा वेळी पिवळे पट्टे मारतात, मग जुने पांढरे मानायचे नाहीत. मी पिवळ्यांच्या आत नीट चाललोय आणि लेन असिस्ट, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारी यंत्रणा, मला पांढऱ्यांकडे ओढतंय, शेजारी ट्रक, हातातलं चाक कोणीतरी खेचतंय असं वाटत होतं, बायको किंचाळली, मी जोर लावून गाडी सरळ धरली. गाडी परत देताना तक्रार केली तर उत्तर काय, 'मॅन्युअलमध्ये लिहिलंय, लक्ष चालकाने ठेवायचं.' ठोकली असती तर कोणी भरायचं?

स्टीअरिंग:
लेन असिस्ट म्हणजे स्वयंचलित गाडी नव्हे!! लेव्हल 2पर्यंत, म्हणजे गाडी नुसती मदत करते तिथे, जबाबदार चालकच, यात वाद कसला? धागा भरकटवू नका.

गियरवाला:
भरकटवतोय कोण? जाहिरातीत हात सोडून बसलेला माणूस दाखवायचा आणि अपघात झाला की 'तुम्हीच चालक'. तो ट्रक तुमच्या शेजारी असता तर असं बोलला असता का?

मुक्ता:
गियरवाला यांचाच मुद्दा खरा आहे. ब्रिटनने 2024च्या कायद्यात यावर उत्तर दिलंय, मंजूर गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही, जाब कंपनीला. आणि 2018च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनी आधी जखमीला भरपाई देते, मग दोषी असेल त्याच्याकडून वसूल करते. असं प्रत्येक देशाला स्वतः बसून ठरवावं लागेल, वेळ लागला तरी चालेल.

चक्रधर:
आणि जर्मनीने मंजुरी दिली ती किती जपून! डिसेंबर 2021 मध्ये मर्सिडीजला लेव्हल 3, म्हणजे गाडी स्वतः चालते पण तिने सांगितलं की चालकाने ताबा घ्यायचा, तेही ठरावीक महामार्गांवर आणि ताशी 60 किलोमीटरपर्यंतच.

स्टीअरिंग:
बरं, 'नुसतं अपडेट' हे वाक्य मागे घेतो, झालं समाधान? पण वेमो ही अमेरिकेतली बिनचालक टॅक्सीवाली कंपनी 2025 मध्ये टोकियोत उतरलीच ना? तिथे तर वाहनं डावीकडून चालतात.

चक्रधर:
उतरली, आणि सुरुवातीला तिथल्याच टॅक्सी कंपनीचे चालक त्या गाड्या हाताने चालवून शहर नोंदवत होते. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, तिथला माणूस आधी चाकावर बसल्याशिवाय तिथला रस्ता गाडीला कळत नाही.

गियरवाला:
सगळं ठीक. पण ब्रिटनच्या त्या कायद्यात माझी लेव्हल 2 बसते का? आणि मी तर जर्मनीत होतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.