हरिहरच्या पायऱ्या उतरताना पाय लटपटतात, काय करावं?

मुक्काम_पोस्ट_गड
नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढायची भीती नाही, पण उतरायच्या विचारानेच पोटात गोळा येतो. सोबतचे फक्त "खाली बघू नकोस" म्हणतात. जानेवारीत जायचं घाटतंय. आधी काय तयारी करू? आणि मधल्याच पायरीवर थिजायला झालं तर?

कातळवेडा
"खाली बघू नकोस" हे आधी विसरा. पायरी न बघता पाय कुठे ठेवणार? खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत बघायचं, दरीकडे नाही.

चढताना तोंड कातळाकडे असतं, म्हणून दरी जाणवत नाही. उतरताना लोक दरीकडे तोंड करून बसत बसत येतात. समोर सगळं उघडं, वर सॅकचा तळ मागच्या पायरीला अडकतो आणि तोल पुढे जातो. तोंड कातळाकडेच ठेवा, शिडी उतरतो तसं. पायऱ्यांत हात घालायला खोबण्या कोरल्यात, त्या धरा. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तिन्ही पक्के.

भ्यायलं की माणूस कातळाला पोट चिकटवतो. मग पायाखालचं दिसत नाही आणि पायांवरचा भारही कमी होतो. छाती कातळापासून वीतभर लांब हवी.

थिजलात तर: चवड्यांवर उभं राहून पोटऱ्या थकल्या की पाय शिलाई मशीनसारखा उडतो. पाऊल शक्य तितकं आत सरकवा, टाच खाली आणा, गुडघा सरळ करा. चार आकडे श्वास आत, सहा-सात आकडे बाहेर, असं पाच-सहा वेळा. मगच पुढचा पाय.

डोंगरदिवा
तयारी घरापासून करा. भिंतीला टेकवलेली शिडी, खाली धरायला एक माणूस, आठ-दहा पायऱ्या चढउतार. भीती चढली की लगेच खाली येऊ नका. तिथेच थांबा, धडधड उतरू द्या, मग या. दर वेळी ऐन भीतीत सुटका करून घेतली की मन सुटकाच शिकतं. नंतर लोहगडच्या रुंद पायऱ्या, मग रतनगडच्या लोखंडी शिड्या, शेवटी हरिहर.

शनिवार-रविवार टाळाच. पायऱ्यांवर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात, आणि घाबरलेल्या माणसाला ताटकळत ठेवण्याइतकं वाईट काही नाही. बाटली सॅकच्या आत, पट्टे आवळून.

आणि एक. नुसती भीती नसून डोकं गरगरत असेल, सपाटीवरही तसं होत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तो प्रकार सरावाचा नाही.

मुक्काम_पोस्ट_गड
धन्यवाद! कमरेला दोर बांधून मित्राच्या हातात दिला तर?

कातळवेडा
अजिबात नको. तुम्ही सुटलात तर तोही ओढला जाईल, आणि कमरेचा फास बरगड्यांवर चढेल. दोर हवाच असेल तर हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचे पट्टे), वर पक्का अँकर (दोर अडकवायचा आधार) आणि बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळत सोडणारा जाणकार, हे तिन्ही हवं. नाहीतर बिनदोराचे उतरा: अनुभवी माणूस तुमच्या एक पायरी खाली, थोडा बाजूला. "डावा पाय अजून चार बोटं खाली" एवढंच त्याने बोलायचं. धीराची भाषणं पायथ्याला.

डोंगरदिवा
महादरवाजानंतर कातळाखालून वाकून जायची वाट आहे आणि तिच्या पुढे पायऱ्यांचा दुसरा टप्पा. दरवाजातच बसा, पाणी प्या, पुढे जायचं का ते तिथे ठरवा. तिथून परत फिरलात तरी पहिला टप्पा उतरायचा सराव होतोच.